भाडं मागितलं तेव्हा

कोराडीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या माणसानं तिसऱ्यांदा खिशातून मोबाइल काढून पाहिला. शेजारी त्याची बायको होती.

"कालपासून उत्तर नाही वं, प्रेमिला. भाडं मागितलं तेच चुकलं."

"काहून चुकलं? राइस मिलवाल्यानं गोंदियाले बोलावलं, तर जाण्यायेण्याचं त्यानंच द्यावं."

"पहिलीच भेट आहे. काम कुठं दिलं त्यानं अजून?"

"भंडाऱ्यावाल्यानं दिलं का? तुम्ही आपल्या पैशानं गेले, चहा पिता पिता त्याच्या बॉयलरची सगळी बिमारी सांगून आले. त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच फिटरकडून काम करून घेतलं."

"म्हणून तर या वेळेस लिहिलं. पण रिटायर माणसाले एवढा तोरा बरा नाही. कन्सल्टंटचं कार्ड छापल्यापासून हा दुसराच फोन होता."

"असू द्या. भाड्याबिगर जायचं नाही, सांगून ठेवते."

"थांब, त्याचाच आला. हॅलो, अंकुश मेश्राम बोलून राहिलो. नाही साहेब, राग कशाचा... यायची गरज नाही?"

"काय म्हणते?"

"भाड्याचा प्रश्नच नाही म्हणते. फोनवरच सांगा म्हणते."

"ठेवा फोन."

"हो साहेब, लिहून घ्या. बॉयलरमधून काळा धूर येते म्हणजे पहिले जाळायचा भुसा ओला आहे का पाहा..."

"अहो, ठेवा ना!"

"...मग पंख्यातली राख काढा. साहेब, फिटर बाजूले आहे का? त्याले फोन द्या, नीट समजावून सांगतो."