माईंच्या कोचाचं कातडं

आम्ही मूळचे महाडकडचे, चांभार. बाप वहाणा शिवायचा, मोटा शिवायचा, आणि कातडं ओळखायचा तो नुसता अंगठा फिरवून, हे बैलाचं, हे शेळीचं, हे जनावर म्हातारं होतं, हे आजारानं गेलं. मला ती विद्या पुरती आली नाय. का ते सांगतो, मी पंधरा-सोळाचा असताना लढाई चाललेली, तेव्हा मामानं मला कल्याणला आणलं, तिथं मिलिटरीचा मोठा कॅम्प होता, ट्रकांच्या सीटा शिवायचं काम. तिथं कातडं यायचं ते कमावून, रंगवून, चकचकीत करून, गुंडाळी सोडायची, कापायचं, शिवायचं, जनावर कुठलं ते कोण विचारतंय. मग लढाई संपली, गोरे गेले, कॅम्पात सिंधी लोक आले बिचारे घरदार सोडून, आणि मी कल्याण स्टेशनाजवळ पत्र्याखाली येवढीशी जागा घेतली आणि टांग्यांच्या गाद्या, डॉक्टरांच्या खुर्च्या, असलं काम करायला लागलो. लग्न झालेलं, बरं चाललेलं. कोच मात्र मी तोवर एकही केलेला नव्हता, तेव्हा कोचच बोलायचे, सोफा हा शब्द मागून आला.

तर दामले साहेब आले. डोंबिवलीचे. रेल्वेच्या हापिसात मोठ्या जागेवर होते, कोट, टोपी, हातात वही. वहीत एक कागदाचं चित्र चिकटवलेलं, कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकातलं, ते दाखवून बोलले, असा कोच पाहिजे, चामड्याचा, आमच्या जुन्या गोऱ्या साहेबाकडे होता तस्सा. मी बघितलं, बुटका कोच, गोल गुबगुबीत हात, पाठीला सगळीकडे बटणं खोल ओढलेली. मला भीती वाटली, पण हो बोललो. मग म्हणाले, घरी येऊन माप घे. आणि दोन पावलं जाऊन परत वळले, आणि म्हणाले, एक गोष्ट, गाईचं कातडं नको, मंडळींना चालणार नाही.

गेलो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चार कौलारू घरं, विहीर आणि भातशेती, काय सांगू तुम्हाला, स्टेशनावरून त्यांचं घर दिसायचं. मी आपला पडवीत उभा राहिलो, आत जायची आमची रीत नव्हती, त्यांनीही ये म्हटलं नाय. आणि आतून आवाज येत होता, सूं सूं, मला वाटलं भाता चाललाय कोणाचा. त्या माई. दामले साहेबांची बायको. पन्नाशीच्या असतील, बारीक, दम्यानं पार पिंजून निघालेल्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून बसून झोपायच्या, भिंतीला टेकून, वर्षानुवर्षं. डॉक्टरांनी सांगितलेलं, कापूस घरात नको, गादी नको, उशी नको, धूळ धरील असं काही नको, चामड्याची बैठक करा, पुसली की स्वच्छ. म्हणून हा कोच. साहेबांनी मला हे काही सांगितलंच नव्हतं, चित्र तेवढं दाखवलेलं.

मग माझा गोंधळ सुरू झाला. साहेब म्हणतात बटणं पाहिजेत, बटणांशिवाय त्याला शोभा नाही. माई आतून म्हणतात, बटणांच्या खड्ड्यात धूळ साचेल, डॉक्टर काय म्हणाले विसरलात का. साहेब म्हणतात गोल हात. माई म्हणतात मला उठताना धरायला सरळ लाकूड हवं. साहेब म्हणतात कोच बुटकाच असतो. माई म्हणतात, मी त्यात रुतले तर उठवायला गडी ठेवणार आहात का. मी पडवीत, दोघांच्या मधे, माझ्या मापाच्या वहीत कोणाचं लिहू? मी दोघांचं लिहिलं, आणि घरी येऊन वाचलं तर बटणं पण होती आणि बटणं नव्हती पण.

दुसऱ्या खेपेला मी बोललो, साहेब, चित्र राहू द्या, माईंची पाठ कुठं टेकते ते मला बघू द्या. एक फळी मागितली, चार विटा मागितल्या. फळी भिंतीला तिरकी लावली, खाली विटा, आणि माई येऊन टेकल्या. मी लांब उभा. एक वीट काढा बोललो, साहेबांना ते जमेना. तेव्हा माई म्हणाल्या, अरे तिथं उभा राहून तुला काय कळणार, इकडे ये, धर ती फळी. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीकडे बघायला लागले. मग मी आत गेलो, फळी धरली, वीट काढली, माई आता कसं वाटतं? त्यांना बोलवेना, हात हलवला, नको. वीट सरकवली, आता? नको. किती वेळ चाललं ते. आणि एकदा काय झालं, फळी जराशी मागे झाली आणि त्यांचे खांदे खाली आले, असे, सुटल्यासारखे, आणि तो सूं सूं आवाज बारीक झाला. मी बोललो, माई हलू नका, आणि खडूनं भिंतीवर रेघ मारली. तेच कोचाचं माप. बटणं नाय, हात सरळ सागाचे. साहेबांनी चित्राची वही मिटली.

आता कातडं. म्हशीचं जाड असतं, केसांची भोकं मोठी, राठ, पाठीला टोचल्यासारखं होतं. गाईचं मऊ, बारीक, पण ते नको. शेळीचं मऊ, पण तुकडे छोटे, सांधेच सांधे, आणि सांध्यात परत धूळ. साहेब एकदा माईंना म्हणाले, ऋषी मृगाजिनावर बसायचेच ना. माई म्हणाल्या, मग हरणाचं आणा. मी मुंबईला गेलो, चार व्यापारी फिरलो, शेवटी एकाकडे मिळालं, तपकिरी, मऊ, अखंड, तो बोलला म्हशीचंच आहे, पण रेडकाचं, लहान जनावर, म्हणून बारीक. मी हात फिरवला. पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं असं आता वाटतं.

कोच झाला. काथ्या उकळून, उन्हात वाळवून भरला, वर कातडं ओढलं. माई बसल्या आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला मला सांगायला, की माई रात्रभर झोपल्या. माझ्या बायकोनं ऐकलं आणि तिनं गूळ वाटला घरात.

उरलेला तुकडा मी मामाकडे नेला. मामा तेव्हा शीळच्या बाजूला राहायचा, थकलेला, पण नजर पक्की. त्यानं तुकडा वाकवला, वास घेतला, आणि बोलला, गाय. मी बोललो, मामा, रेडकाचं आहे. तो बोलला, गाय. मग मी कल्याणच्या एका म्हाताऱ्या कारागिराला दाखवला, तो बोलला, रेडकूच, तुझ्या मामाला दिसत नाय आता. मग मी स्वतः बघत बसलो. उजेडात धरला तर गाय वाटायची, सावलीत धरला तर रेडकू. आठ दिवस मी जेवलो नाय नीट. जाऊन सांगू? काय सांगू, मलाच ठाव नाय ते?

आणि माईंनीच बोलावणं पाठवलं. गेलो तर नारळ, धोतराचं पान, मला आत बसायला पाट. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, सोनू, माहेरी गेल्यासारखी झोपते रे आता. आणि सहज, हसत म्हणाल्या, गाईचं नाही ना रे ते? गाईचं नाय, येवढंच बोलायचं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं. पण मी बोललो, माई, देणारा बोलला म्हशीचं, मामा बोलतो गाईचं, मला कळत नाय.

त्या उठल्या. कोचाला धरून उठल्या आणि बाजूला झाल्या. साहेब माझ्यावर ओरडले, मूर्खा, नाही म्हणायला काय झालं होतं तुला? खरंच, काय झालं होतं मला? आजही विचार करतो. 

तीन दिवसांनी साहेब दुकानात आले, दाढी वाढलेली, म्हणाले, ती परत भिंतीला टेकून बसते, छाती भरलीय, तू ये आणि ते कातडं काढून टाक, काहीही लाव. मी पकड, हातोडी घेऊन गेलो. माई स्टुलावर बसलेल्या, तोंड काळवंडलेलं, बघत होत्या. मी हाताच्या बाजूनं सुरू केलं, एक चूक, म्हणजे बारका खिळा, काढली, दुसरी काढली, दहा-बारा निघाल्या असतील, कातडं सुटून लोंबायला लागलं. तेव्हा माईंनी विचारलं, शब्द तोडत तोडत, हे काढलंस की काय करशील याचं? मी खरं तेच बोललो, काय करणार माई, वहाणा होतील.

म्हणजे पायात जाणार, त्या म्हणाल्या.

मी बोललो, हो.

त्या बघत राहिल्या त्या लोंबणाऱ्या कातड्याकडे. मग म्हणाल्या, थांब. लाव परत. पायात जाण्यापेक्षा माझ्या पाठीला राहू दे. साहेब काही म्हणायला गेले, तर त्यांनी हात वर केला. मी चुका परत ठोकल्या, एकेक, त्याच भोकात. झाल्यावर त्या आल्या, कोचाच्या पाठीला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि बसल्या. पूजेला मात्र त्यानंतर रोज उठून, आंघोळ करून, लुगडं बदलून जायच्या, दम लागला तरी.

नऊ वर्षं जगल्या त्या कोचावर. मी दर दिवाळीआधी जाऊन तेल-पाणी करून यायचो, पडवीतून नाय, पुढच्या दारानं. गेल्या तेव्हा साहेबांनी मला निरोप धाडला, नातेवाइकांच्या आधी. पुढं साहेब मुलाकडे गेले, घर पाडलं, चाळ उठली तिथं, कोच कुठं गेला ठाव नाय.

आता मी वर्तकनगरला लेकीकडे असतो. सुई ओवली जात नाय. तेव्हा माईंनी मला थांबवलं ते गाईसाठी, का श्वासासाठी, का माझ्यासाठी, मला कळलेलं नाय. मी खरं बोललो ते बरं केलं का तीन दिवस त्यांचे हाल केले, ते पण नाय. तुम्ही लिहून घेताय तर येवढंच करा, जनावर कुठलं होतं ते तुमच्या मनानं ठरवू नका, लिहा की याला कळलं नाय. चला, उन्हं उतरली, लांब जायचंय तुम्हाला. सावकाश जा, आणि जिथं टेकाल तिथं सुखाची झोप लागो तुम्हाला.