तिसरी हाक

माझं माहेर मावळात. लगीन होऊन कुरुळीत आले तवा दारातनं बघितलं की समदा कांदा-बटाटाच दिसायचा, आता कंपन्यांचं पत्रं दिसत्यात. जमीन गेली, मंग मालकांनी, म्हंजे आमच्या नवऱ्यानं, परड्यात बारा खोल्या बांधल्या, कुनी लातूरचं, कुनी बीडचं, समदी कंपनीत जानारी, आन समदी मला मावशी म्हनत्यात. मालक गेलं त्याला दोन वर्सं झाली. भाडेकरूंची कागदं पोलिसात द्यावी लागत्यात, ती हे लोक माझ्या मोबाईलवर मेल करत्यात, आधार म्हनू नका, फोटो म्हनू नका, बाराच्या बारा खोल्या त्या मोबाईलात हायेत. म्हनून म्या मेल बघते, न्हाईतर मला काय करायचंय त्याचं.

सासू माझी लई कडक. नवी नवरी व्हते तवाच बजावलं, बाहेरनं कुनी नाव घिऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची न्हाई. जे मानूस न्हाई ते एकदा हाक मारतं, लई तर दोनदा. तिसरी आली की मानूस समज, मंग ओ दे. जल्मभर पाळलं म्या. मालक सुदीक शेतातनं आलं की दारात उभं राहून हिरा, हिरा, हिरा करायचं, चिडायचं, पन तीनदा करायचं.

तर त्या दिवशी दुपारी पोळ्या उरकून बसले आन मेल आला. वर माझं नाव, हिराबाई. खाली मोडक्या मराठीत, तुमच्या घरावर आमची नजर आहे. आन त्याच्या खाली फोटो, माझ्याच दाराचा. काय सांगू तुमाला, वट्यावर मालक बसलं व्हतं. उजवा पाय दुमडलेला, डाव्या पायातली चप्पल अंगठ्याला लोंबती, तसंच बसायचं ते. आवो, जाळून आलो आमी मानसाला, वटा तर रस्ता रुंद करताना तोडून नेला, आन हितं दोन्ही हायेत. पन तोंड न्हाई. तोंडाच्या जागी नुसता धूर. खाली लिवलेलं, स्पष्ट फोटो बघायला इथं दाबा.

भिंतीवर तेंचा फोटो हाय, पन तो कार्डावरचा मोठा केलेला, डोळं वटारलेलं, ते मालक वाटतच न्हाईत. मला तेंचं तोंड बघायचं व्हतं, खरं सांगते.

मोबाईल पालथा घातला. म्हनलं, ही पहिली. दुसऱ्या दिवशी त्याच टायमाला, हिराबाई. तिसऱ्या दिवशी माझ्या पोळ्या करपल्या, समदं ध्यान मोबाईलकडं. आन आला की. हिराबाई. आता मला सांगा, तीनदा मारल्याव भूत कसं म्हनायचं? रिकाम्या घरात म्या मोठ्यांदा ओ दिली, आले आले म्हनले, आन अंगठा उचलला.

सात नंबरची सुनीता, लातूरची, पानी भरायला आली व्हती. मावशी, कोनाला ओ द्यायलाव म्हनली, आन मोबाईलच हिसकावला. आवो हे चोर हायत, दाबलं की आमची समद्यांची कागदं गेली, उद्या आमच्या नावावर कोन काय करंल! हा जुना फोटो मोबाईलच्या नकाशातला हाय, काका व्हते तवाचा, कॅमेऱ्याची गाडी फिरती, तोंडं यंत्रच झाकतंय, दाबून बी दिसायची न्हाईत. म्या तिच्यावर खेकसले, मंग रडले. तिनं नकाशा उघडून दावला. हितंच, आमच्या गल्लीत, मालक बसलेलं.

मंग रोज दुपारी नकाशात जायचं, दोन मिनटं बघायचं, मागं यायचं. बरं वाटायचं. तर गेल्या म्हयन्यात उघडला आन वटा न्हाई. मालक न्हाईत. नवा रस्ता, आन दारात एक बाई उभी, माझं हिरवं लुगडं नेसलेली, हातात माझा झाडू. तोंडाच्या जागी धूर. सुनीता म्हनली, मावशी, नवा फोटो टाकलाय, तुमीच हायसा. व्हय, म्याच आसंन.

आता मालक कुठंच न्हाईत, त्या चोराच्या मेलात तेवढं हायेत. तो अजून हाका मारतोय, तीनदा न्हाई, म्या मोजायचं सोडलं. ओ देत न्हाई म्या. माझ्या बारा खोल्यांतली लेकरं सुखी राहूद्यात. पन ते मेल डिलीट बी करत न्हाई. पोळ्या झाल्या की एक उघडते, अंगठा पदरात गुंडाळते, आन बघत बसते.