सहाशे बारा अंगठे

मामा : आणि या तीन हजार जांभळ्या बादल्या ठेवायच्या कुठे? माझ्या डोक्यावर?

भाची : ठेवायच्याच नाहीत, मामा. बनतील तशा खपतील. कारखान्याच्या पानावर नुसता फोटो टाकला, तर सहाशे बारा जणांनी अंगठा दिला!

मामा : म्हणून तू ट्रकभर रंग मागवलास.

भाची : आता सगळे असंच करतात. गिऱ्हाईक फोनवर काय बोलतंय ते बघायचं, त्यावरून कच्चा माल ठरवायचा.

मामा : उंटावरून शेळ्या हाकायच्या! मी एकतीस वर्षं हे गोदाम सांभाळतोय. थप्पीवरून बोट फिरवायचं. धूळ लागली, माल चालत नाही. नाही लागली, चालतो. झालं.

भाची : धूळ मागचं सांगते रे. मला पुढचं सांगायचंय. आज माझे तीन महिने भरले. चार वाजता मालक वर बोलावणार, ठेवायचं की घरी पाठवायचं ते सांगायला. हे अंगठेच त्यांच्यापुढे ठेवणार आहे मी.

मामा : दाखव बघू कोणाकोणाचे आहेत. हा बघ, पहिला माझाच.

भाची : तुला आवडली बादली?

मामा : छे! तिच्यापेक्षा वांगं बरं दिसतं.

भाची : मग अंगठा कशाला दिलास?

मामा : पाहिलं म्हणून. गोदामात कागद आला की पाहिल्याची खूण करायचीच, हा माझा नियम आहे. फोनवरही तोच. हमालांना सांगितलंय, ड्रायव्हरांना सांगितलंय.

भाची : किती ड्रायव्हरांना?

मामा : आपले बाराच. पण त्यांचा फोनवर मोठा ग्रुप आहे ना, पाचशेच्या वर माणसं. तिथे बजावलं, आमच्या कारखान्याचं काहीही दिसलं की अंगठा द्यायचा. नाहीतर गेटवर नंबर शेवटचा.

भाची : मामा!

मामा : शिस्त लागते, पोरी.

भाची : आणि हे बाकीचे?

मामा : रंगाच्या कंपनीतले दिसतात. ते देणारच. रंग कोण विकतंय?

भाची : म्हणजे बादली विकत घेणारं यात एकही माणूस नाही?

मामा : ही एक आहे की.

भाची : ती आई आहे.

मामा : हो की. ताईने कुठली बादली विकत घेतलीय! सगळ्या माझ्याकडून नेल्या.

भाची : ट्रक तीनला येतोय, मामा. आत्ता अडीच वाजलेत.

मामा : घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! थांब.

(मामा रंगाचा ट्रक आणणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला फोन लावून स्पीकरवर टाकतो.)

मामा : कुठे आहेस रे?

ड्रायव्हर : आलोच, मामा. दहा मिनिटं.

मामा : म्हणजे जेवतोयस.

ड्रायव्हर : आत्ताच बसलो.

मामा : मग जेव सावकाश. सील तोडलं नाहीस ना?

ड्रायव्हर : छे, जसंच्या तसं आहे.

भाची : दादा, जांभळ्या बादलीला तुम्ही अंगठा दिला होता. कशी वाटली?

ड्रायव्हर : कोणती बादली?

भाची : फोटोतली.

ड्रायव्हर : फोटो होता का?

भाची : बरं, दुकानात माल उतरवता, तेव्हा लोक काय मागतात?

ड्रायव्हर : झाकण, ताई. झाकणाची बादली आहे का, विचारतात. आणि तुमची कडी निसटते म्हणून मला शिव्या घालतात. जसा काही मीच कडी बसवतो!

मामा : मला कधी बोलला नाहीस?

ड्रायव्हर : तुम्ही कधी विचारलंत? तुमचं एकच, खूण का नाही केलीस.

भाची : थांबा, मामाच्या फोनवरून ग्रुपवर टाकते. 'अंगठा नको. दुकानात आमचं काय संपलं, काय पडून आहे, काय मोडलं ते लिहा.'

मामा : बोलून पाठवा म्हण. सगळ्यांना लिहिता येतं असं नाही. मला तरी पन्नाशीपर्यंत कुठे येत होतं?

भाची : टाकलं. आले बघ! 'झाकण.' 'कडी.' 'हिरवे मग संपून दोन आठवडे झाले.' 'जांभळं काही पाठवू नका.' 'हे खरंच मामा विचारतायत का?'

मामा : कोण आहे तो?

भाची : राहू दे. आधी रंगाच्या कंपनीला विचारते... त्यांचं उत्तर आलं. सील न तोडता आज परत आला तर माल घेतील. पण मालकांनी स्वतः कळवायला हवं.

मामा : मग मालकाला सांगू, कंपनीनेच चुकून पाठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भाची : नाही. मागवला मी.

मामा : अगं, नोकरी जाईल! माझं नाव सांग. नियम माझा होता.

भाची : नियम तुझा. पण कोणाचे आहेत ते न बघता अंगठे मोजले मी.

ड्रायव्हर : मामा, मी काय करू?

मामा : अजून जेव.

भाची : चारची वाट बघत नाही मी. आत्ताच जाते.

मामा : चल.

भाची : तू कुठे? अठ्ठावीस पायऱ्या आहेत, मामा. तुझे गुडघे...

मामा : तू पुढे हो. मी येईपर्यंत दार वाजवू नकोस.