रिकाम्या गाडीचे वजन

तुम्ही हसाल, तरी सांगतो. माझा पुतण्या सुधीर याने जुनी स्पोर्ट्स कार हौशी शर्यतीसाठी हलकी करायला घेतली. मागची बैठक, गालिचा, अखेर चालकाशेजारचे आसनही काढले. ठरलेल्या वजनात बसली तरच शर्यतीत प्रवेश मिळणार होता. पडेगावच्या वजनकाट्यावर गाडी लावून तो खाली उतरला. वजन पन्नास किलो जास्त भरले.

"अहो, काटा बिघडलाय!" सुधीर काटेवाल्याला म्हणाला.

काटेवाला खिडकीतून म्हणाला, "काटा बराबर हाय, भाऊ. रिकामी गाडी लावा म्हणलं व्हतं ना? त्या बाईला उतरवा की."

"कोणती बाई?"

"तुमच्या बाजूची. बिचारी नुसत्या पत्र्यावर बसलीय."

सुधीरने शर्यत सोडली. त्याच दिवशी शेजारचे आसन पुन्हा बसवले आणि त्याचा पट्टाही स्वतःच्या हाताने लावला.