शैलाच्या वागणुकीची चौकशी

दारात फटफटी थांबल्याचा तो आवाज आठवला की मला अजून हसू येतं. माझी पुतणी शैला आमच्याकडे राहून पीएचडी करत होती. सरकार तिला शिष्यवृत्तीवर जपानला पाठवणार होतं, भाषा शिकायला आणि संशोधनाला. पासपोर्ट वेळेत आला नसता तर सगळंच हुकलं असतं.

आमच्या पिंपळगावात सोयरिकीआधी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन मुलीची चौकशी करून जातो. शैलाला एवढ्यात लग्न नको होतं. त्यामुळे असा कुणी आला की माझी बायको सुमन त्याला पळवून लावायची.

फटफटीवरून साध्या कपड्यातला एक माणूस उतरला. "शैला इथंच राहते ना? वागायला कशी आहे?"

"लय भांडकुदळ," सुमन म्हणाली. "मागं काकाच्या अंगावर हंडा फेकला तिनं."

"मावशी, मी पोलीस ठाण्यातून आलोय. पासपोर्टच्या चौकशीला."

सुमनचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "अहो साहेब, पोरगी गाय हाय नुसती! हंडा मी फेकला होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खरं का बाबा?"

"हो," मी सावकाश म्हणालो. "भरलेला होता."

तो खो खो हसला. "जाऊ द्या पोरीला जपानला. चांगलाच रिपोर्ट देतो."

सुमननं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्याला नीट न्याहाळलं. "साहेब, तुमचं लगीन झालंय का? माझ्या भावाची पोरगी हाय. ती मात्र खरंच शांत हाय."

चहा तसाच ठेवून त्यानं फटफटीला किक मारली.