राखणदाराच्या माळा

...आणि वर मलाच म्हणते, "मावशी, दिवे काढा!" अहो, कुणासाठी लावले होते मी ते? तिच्याचसाठी! तुम्हाला सांगते, मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण शेजारी एकटी पोरगी राहते म्हटल्यावर कुंपणावरून मान जरा जाणारच की! मुकदा तिचं नाव. लाँगन फळांच्या बागेपलीकडे ती राक्षसी थाळी आहे ना, आभाळाकडे तोंड वासून बसलेली, तिथे ताऱ्यांचा अभ्यास करते. आता तारे बघायला डोळे लावावेत की नाही? नाही! ही कान लावते! ताऱ्यांच्या कुठल्याशा लांबच्या वस्तीत, दीर्घिका म्हणतात तिला, तिथे एक तारा फुटला, त्याच्या रेडिओलहरी पकडायच्या, आणि थाळी हिच्या वाट्याला फक्त या आठवड्यापुरती! "आत्ता नाही सापडला तर विझून जाईल, मावशी. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात." चिकट भाताचा गोळा हातातच राहिला हो पोरीच्या!

माझा जीव कळवळला. अंगणातल्या राखणदाराच्या देवळीपुढे हात जोडले... "बाबा, हिचा तारा सापडू दे!" आता नवस काम झाल्यावर फेडायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी म्हटलं, वेळ थोडा, देवाला आधीच खूश करावं! लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून, आणि चियांग माईच्या बाजारातून लुकलुकत्या दिव्यांच्या माळा आणल्या. देवळी कशी नवरीसारखी!

दोनच दिवसांत मुकदा रडकुंडीला. "संध्याकाळ झाली की थाळीत नुसती करकर! कुणाचं तरी विजेचं काहीतरी आहे." हातात माशाच्या सांगाड्यासारखा अँटेना घेऊन निघाली गल्ली हुंगत. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण वाट कोण दाखवणार? मीच पुढे! पलीकडच्या इनकेवकाकांच्या दारात जाऊन ओरडले, "ती डास मारायची रॅकेट ठेवा खाली! तारे मारताय तुम्ही, तारे!"

"बरं, बुआपान, डास चावले की तुलाच हाक मारतो!" काका माझं नाव घेऊन म्हणाले.

विहारातल्या भंतेंना हात जोडून भोंगा बंद करायला लावला. करकर कायम! आणि तो सांगाडा वळत वळत, वळत वळत... माझ्याच अंगणात येऊन किंचाळला!

काका कुंपणाला टेकून उभेच. "काय गं, तारे कोण मारतंय?"

काढल्या माळा! पण देवाला दिलेलं परत घ्यायचं म्हणजे? पुन्हा हात जोडले, म्हटलं, "बाबा, राग पोरीवर काढू नको. तारा सापडू दे, माळांऐवजी मी स्वतः नाचेन तुझ्यापुढे!" निघून गेलं हो तोंडातून!

आणि सापडला! मुकदा अनवाणी धावत आली, माझ्या गळ्यात पडली, हसते काय, रडते काय... "आला मावशी, अगदी स्वच्छ आला!" मीही रडले. मग आठवलं, नाचायचंय.

बोटांत आमच्याकडच्या नाचात घालतात ती लांब पितळी नखं, गुडघ्यांची करकर थाळीपर्यंत जाईल अशी, काका ढोल बडवतायत, सगळी गल्ली टाळ्या पिटतेय! धापा टाकत टेकले, तोच मुकदा कानाशी, "मावशी... आणखी एक फुटलाय."

मी राखणदाराकडे पाहिलं. तुम्हाला सांगते, मी कुणाच्या भानगडीत पडत नाही... नखं उतरवू की राहू देऊ, एवढंच विचारलं.