हॉयटला बसवत नाही

...आणि नेलपॉलिश तरी माझ्या नवऱ्यानं कुठलं उचलावं, तर लाल. भाचीच्या लग्नासाठी आणलेलं, बाटलीचं झाकण अजून मी नीट उघडलंही नव्हतं. तुम्ही सोला वाटाणे, सोला, मला हसू नका, पण तुम्हाला सांगते, सकाळी बघते तर बाटली अर्धी रिकामी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर मासे धरायचे शिशाच्या डोक्याचे बारा गळ वाळत टांगलेले, सगळ्यांची डोकी लालभडक. म्हटलं, हॉयट पेलम, हे काय आहे? तर मान वर न करता म्हणतो, "रंगवलेला गळ दुकानात दुप्पट भावानं देतात, अर्लीन. आपण बिनरंगाचे घ्यायचे आणि रंग घरचा लावायचा." घरचा म्हणजे कुणाचा? माझा.

बरं, तेवढ्यावर थांबेल तर तो हॉयट कसला. भांडी घासायला रबरी हातमोजा शोधते तर मोज्याला बोटंच नाहीत. बोटांच्या बारीक पट्ट्या कापून त्या गळांना झालर लावली होती, म्हणजे पाण्यात ते खेकड्यासारखं हलतं म्हणे. आणि कोलार्डच्या पालेभाजीत घालायला मी डुकराचं कातडं आणून ठेवलेलं, तेही गेलं, त्याच्या शेपट्या झाल्या. त्या रविवारी भाजी नुसतीच उकडलेली, पास्टरसाहेब जेवायला, आणि हा मजेत सांगतोय की मासे चवीचे फार पक्के असतात.

पण काय करणार... बसवत नाही त्याला.

एकतीस वर्षं लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक हाकला, तेव्हा बसायचा, कारण खाली चाकं फिरत असायची. घरात मात्र कधी टेकला नाही. चर्चमध्ये आम्ही शेवटच्या बाकावर का बसतो, तुम्ही मला दहादा विचारलंत. याला मधेच उठून मागे फिरता यावं म्हणून बसतो. आणि असल्या माणसाला फेब्रुवारीत मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पाय वाचला, जीभ तर काय, पहिल्यापेक्षा जोरात चालायला लागली, पण उजवा हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण मूठ मिटेना. जेवताना काटा पडायचा. मी दुसरा द्यायचे, तोही पडायचा. मग ताट सरकवून म्हणायचा, भूक नाही. माझ्या आईच्या मयतीच्या जेवणात ज्यानं तीन ताटं तळलेला कॅटफिश खाल्ला, त्याला भूक नाही. मी सिंककडे तोंड करून उभी राहायचे आणि धुतलेलीच भांडी परत धुवायचे.

हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात ती शनीस म्हणून मुलगी आहे, गोड पोरगी. तिनं एक रबरी चेंडू दिला. "मिस्टर पेलम, दिवसातून शंभर वेळा दाबायचा." यानं चार वेळा दाबला, पाचव्यांदा कुत्र्याला दिला. आणि मग पोर्चवर येरझाऱ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका फळीचा खिळा वर आलाय, दर खेपेला तीच फळी करकरणार. मला वाटलं, आता एकतर हा तरी राहील नाहीतर पोर्च तरी.

अशात याला शेजारचा लमार दिसला. लमारची ती चकाकणारी बोट तुम्हाला ठाऊक आहे, तिचं कर्ज फिटेपर्यंत तो नातवंडांचं लग्न बघेल. तो अंगणात उभा राहून एका कपात गळ टाकायचा सराव करत होता. हॉयट कुंपणाशी गेला. झालं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, आता मात्र झोपेतही सांगेन. बास मासा दूर खोल पाण्यात नसतोच म्हणे. तो किनाऱ्याजवळ पाणवनस्पतीच्या छपराखाली सावलीत पडलेला असतो. नाव हळूच तिथे न्यायची, उभं राहायचं, गळ डाव्या हातात धरायचा, उजव्या हातातल्या रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला, खालून झोका द्यायचा आणि पानांमधल्या एवढ्याशा भोकात तो असा सोडायचा की पाण्याला कळू नये. दोनदा हलवला, घेतला नाही, की उचल, पुढचं भोक. दिवसभर बसणं म्हणून नाही. हे ऐकलं आणि हॉयटचा चेहरा जो उजळला...

लमार म्हणतो, "पण साताठ फुटी जाड रॉड पाहिजे, त्याशिवाय होत नाही. दोरा भराभर गुंडाळणारं रीळ पाहिजे, त्याशिवाय होत नाही. आणि दोरा तर..." हॉयट म्हणाला, "म्हणजे तुझ्याशिवाय सगळं पाहिजे." आणि शनिवारी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानातून पाच डॉलरला रॉड घेऊन आला. टोक मोडलेलं, ताठ, झाडूच्या दांड्यासारखा. मुठीला सायकलची पट्टी गुंडाळली, हातातून निसटू नये म्हणून. मी म्हटलं, डाव्या हातात धर की. म्हणाला, "डावा हात गळ धरायला लागतो, अर्लीन. रॉड उजव्यातच." आणि काय होतंय ते माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. त्याच्या आलं होतं की नाही, देव जाणे.

मग अंगणात कप. माझे. पहिल्या आठवड्यात गळ कप सोडून सगळीकडे गेला. दोरीवरच्या माझ्या रविवारच्या झग्यात, अंजिराच्या झाडात, एकदा पोस्टमनच्या पिशवीत. रॉड पडायचा, हा वाकून उचलायचा, परत पडायचा. मी खिडकीतून मोजायचे. एका सकाळी चाळीसदा पडला. एकदाही तो भूक नाही म्हणाला नाही. जूनपर्यंत दहातले सहा कपात.

आणि मग म्हणतो, चल, सेमिनोल तळ्यावर. माझ्या चुलतभावाची पत्र्याची सपाट नाव, गळकी. वल्हं माझ्याकडे, पाणी उपसायचा कॉफीचा डबा माझ्याकडे, आणि झटका आलेला माणूस पुढच्या टोकाला उभा. मी त्याच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. "बकरी आहे का मी?" म्हणाला. म्हटलं, बकरी ऐकते.

चार तास, बायांनो. "अर्लीन, डावीकडे. अर्लीन, हळू. अर्लीन, वल्हं आपटू नकोस." उन्हानं नावेचा पत्रा तापलेला, पलीकडच्या बुंध्यावर एक मगर माझ्याकडे असं बघत होती की जणू तिला माझी कीव येतेय. मी म्हटलं, हॉयट, बस जरा. "बसवत नाही." सँडविच खा. "उभ्यानं दे."

आणि मग कमळपानांच्या एका फटीत त्यानं गळ सोडला आणि दोरा आडवा चालायला लागला. आवाज नाही, काही नाही, नुसता चालायला लागला. हॉयटनं दोन्ही हातांनी रॉड वर ओढला, पानांचं छप्पर फुगलं, फाटलं, नाव अर्धी फिरली. मी उठणार, तेवढ्यात म्हणाला, "हात लावू नकोस." इतक्या हळू म्हणाला की मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. तो ओढत होता, दात आवळलेले, मान थरथरतेय, आणि तो झाडूचा दांडा काही वाकेना. शेवटी शेवाळाचा एक मोठा भारा नावेपाशी आला, आणि त्यात तोंड उघडं टाकून तो मासा. "जबडा धर, अर्लीन." धरला. अंगठा त्याच्या तोंडात. पिठाची पाच पौंडांची पिशवी मी रोज उचलते, तुम्हाला सांगते, त्याहून जड होता. क्षणभर दोघांनी त्याच्याकडे बघितलं आणि मी त्याला परत पाण्यात सोडून दिलं.

"आता रॉड ठेव," मी म्हटलं. तो ठेवेना. म्हटलं, ठेव ना. म्हणाला, "सुटत नाहीये."

पाच महिने जी मूठ मिटत नव्हती, ती आता उघडत नव्हती. मी त्याच्यासमोर गुडघे टेकले, नावेत घोटाभर पाणी, आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली. त्यानं ते बोट माझ्या बोटाभोवती गुंडाळलं आणि दाबलं. मग तो नावेच्या फळीवर बसला. आपणहून. चांगला दहा मिनिटं. डोळ्यांत ऊन जातंय म्हणाला, पण ऊन पाठीमागे होतं.

घरी आलो तर लमार कुंपणाशी. हॉयटनं हात पसरून मासा केवढा होता ते दाखवलं. "कुठल्या रॉडवर मिळाला?" हॉयटनं दाखवला. लमारनं मोडक्या टोकावरून बोट फिरवलं. म्हणाला, "असा आणखी एक होता का त्या जुन्या सामानात?"

परवा शनीसकडे गेलो. तिनं मुठीचा जोर मोजायचं ते यंत्र दिलं, हॉयटनं आवळलं, तिनं काट्याकडे बघितलं, परत आवळायला लावलं. "मिस्टर पेलम, चेंडू किती वेळा दाबत होतात?" हा छातीवर हात ठेवून म्हणतो, "रोज शंभर." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, आणि सगळं सांगितलं. गळ, कप, तळं, दोरी, सगळं. मला वाटलं ती रागावेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, कागद ओढला आणि लिहिलं: मासेमारी, आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने, पण एकट्यानं नाही, बायकोनं सोबत जायचं. खाली सही, शिक्का.

उद्या पहाटे पुन्हा निघायचंय. झालं ते असं आहे बघा, औषध त्याला लागू पडलं आणि पथ्य मला लागलं.